संगणकाच्या स्मृतीची तालीम

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत तालमींना तोटा नाही. तिथे नव्याने येऊ लागलेला मुलगा आठ-पंधरा दिवसांतच सांगू लागतो, "वस्ताद, आज दोनशे बैठका मारल्या!" वस्ताद आकड्याला भुलत नाहीत. ते विचारतात, "पुरता खाली बसत होतास का? शेवटच्या वीस बैठकांना पाठ वाकली नव्हती ना?" अर्ध्यातून उठलेली बैठक ते मोजतच नाहीत.

मित्रांनो, आज आपण अशाच एका मोजणीचा विचार करू या. फक्त इथला पैलवान आहे तुमच्या संगणकातील स्मृतीची पट्टी. संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात 'रॅम' दाखवा म्हणालात, तर तो साधारण १३ सेंटिमीटर लांबीची एक पट्टी तुमच्या हातावर ठेवील. तिच्यावर आठ किंवा सोळा काळ्या चकत्या बसवलेल्या असतात आणि खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. डीडीआर४ जातीच्या पट्टीला दोन्ही बाजूंचे मिळून असे २८८ दात असतात. पट्टीवर ३२००, ३६०० असा एखादा आकडा छापलेला असतो. तो तिचा वेग. काही हौशी लोक हा वेग ठरल्यापेक्षा वाढवून पाहतात. याला 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणतात. आपण 'अतिवेग' म्हणू. पट्टी किती अतिवेग सोसते, हे ठरवायचे कसे? वाटते तितके ते सोपे नाही.

आधी पट्टीच्या आत डोकावू. काळ्या चकतीत अतिशय लहान लहान घरे असतात. प्रत्येक घरात विद्युत्भार साठवणारे एक धारित्र आणि त्याचे दार उघडणारा एक ट्रान्झिस्टर, एवढाच संसार. भार भरलेला असेल तर '१', रिकामे असेल तर '०'. ही युक्ती अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट त्यांना १९६८ साली मिळाले. १९७० साली इंटेल कंपनीने '११०३' नावाची चकती विकायला काढली, तिच्यात १,०२४ घरे होती. आज १६ गिगाबाइटच्या एका पट्टीत ती किती असतात, ठाऊक आहे? १३,७४३ कोटी ८९ लाख ५३ हजार ४७२!

पण या घरांत एक खोट आहे. धारित्र म्हणजे झिरपणारे मडके. भरून ठेवले तरी थोड्या वेळात पाणी गळून जाते. म्हणून कोणीतरी सतत फिरत राहून प्रत्येक मडके पाहायचे आणि अर्धे झालेले पुन्हा काठोकाठ भरायचे. डीडीआर४ पट्टीत ही फेरी ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या सुमारे सोळाव्या हिश्शात, पुरी व्हावी लागते. तुम्ही हे वाक्य वाचत असताना संगणकाने आपली सगळी मडकी कित्येक वेळा भरून घेतली असतील. वीज गेली की फेरी थांबते आणि मडकी कोरडी पडतात. निबंध साठवून न ठेवता संगणक बंद पडला तर तो नाहीसा होतो, त्याचे कारण हेच.

आता वेगाकडे वळू. स्मृतीतील सगळी कामे एका ठेक्यावर चालतात. '३२००' पट्टीत हा ठेका सेकंदाला १६० कोटी वेळा पडतो आणि प्रत्येक ठेक्याला दोनदा माहिती जाते, एकदा तो चढताना आणि एकदा उतरताना. म्हणून प्रत्येक तारेवरून सेकंदाला ३२० कोटी वेळा '०' किंवा '१' धावतो. एकाला मिळणारा वेळ किती? ०.३१२५ नॅनोसेकंद. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. एवढ्या वेळात पट्टीच्या तारेतील संकेत जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर पुढे सरकतो. स्मृतीपासून प्रक्रियकापर्यंतची वाट बहुधा याहून लांब असते. म्हणजे पहिला पोहोचायच्या आतच मागचा निघालेला असतो! पेठेतल्या अरुंद बोळातून एकामागे एक सायकली सोडाव्यात, तसा हा प्रकार. अंतर राखले तर ठीक. नाही तर मागच्याचे चाक पुढच्याच्या चाकाला लागलेच.

अशा ६४ तारा बरोबरीने माहिती वाहतात. सगळ्यांची लांबी आणि वाटेतला अडथळा अगदी सारखा नसतो. त्यामुळे संगणक चालू करताच प्रक्रियक स्मृतीशी थोडा वेळ ओळखीचे आकडे देऊन-घेऊन पाहतो आणि कोणत्या तारेकडे नेमके कोणत्या क्षणी पाहायचे, ते ठरवून ठेवतो. अभियंते या क्रियेला इंग्रजीत 'ट्रेनिंग' म्हणतात. तालीम या शब्दाचा अर्थ दुसरा काय आहे?

पट्टीवर छापलेला मोठा आकडाच सर्व काही सांगतो, अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नाही. जुन्या ग्रंथालयातील कार्डांच्या कपाटाची कल्पना करा. कोल्हापुरातील करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. अशा ठिकाणी पूर्वी कार्ड हवे असेल तर आधी योग्य तो खण पूर्ण बाहेर ओढायचा, मग त्यातले कार्ड शोधायचे, आणि दुसरा खण उघडण्यापूर्वी पहिला आत सारायचा. स्मृतीतही असेच खण असतात. खण उघडायला काही ठेके, त्यातले घर वाचायला काही ठेके आणि खण मिटायला काही ठेके लागतात. यांपैकी घर वाचण्याच्या ठेक्यांची संख्या पट्टीवर 'सीएल' या अक्षरांपुढे लिहितात.

थोडे गणित करा. '३२००' पट्टीचा एक ठेका ०.६२५ नॅनोसेकंदांचा. सीएल १६ असेल तर थांबावे लागेल १६ × ०.६२५ = १० नॅनोसेकंद. '३६००' पट्टीचा ठेका ०.५५५ नॅनोसेकंदांचा, पण तिचा सीएल १८ असेल, तर १८ ठेके म्हणजे पुन्हा १० नॅनोसेकंदच! पहिले कार्ड दोघींकडूनही एकाच वेळी मिळते. फरक पडतो तो पुढची कार्डे भराभर काढताना. उलट सीएल २२ असलेली '३२००' पट्टी घेतली, तर तोच आकडा छापलेला असूनही थांबणे १३.७५ नॅनोसेकंदांचे. दुकानात पट्टी निवडताना हा भागाकार-गुणाकार करून पाहणारा ग्राहक मला क्वचितच आढळला आहे.

पण कारखान्याने ठरवलेल्या वेगापलीकडे पट्टी मुळात धावतेच कशी? कोल्हापूरच्या गुळाच्या बाजारात ढेपांची प्रत लावतात, हे तुम्ही ऐकले असेल. एकाच काहिलीतून निघालेला गूळही रंगाने, कणीने तंतोतंत सारखा नसतो. सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून कापलेल्या चकत्यांचेही तसेच आहे. काही चपळ निघतात, काही मंद. कारखाना त्यांची चाचणी घेऊन प्रत लावतो आणि छापताना हात राखून आकडा छापतो. कारण ती पट्टी थंडीत, उन्हाळ्यात, जुनी झाल्यावरही चालली पाहिजे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या डीडीआर४ च्या मानकात विद्युत्दाब १.२ व्होल्ट ठरवला आहे. हौशींसाठी विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांत मात्र १.३५ व्होल्टवर चालणारी जादा वेगाची एक नोंद आधीच भरून ठेवलेली असते. पट्टी विकणारा त्या वेगाची हमी देतो. पण प्रक्रियक बनवणारा ती देईलच असे नाही. बैलगाडीचा एक बैल तगडा असून भागत नाही, जोडीचा दुसराही तसाच हवा.

दाब वाढवला की धारित्रे लवकर भरतात आणि वेग सोसतो. त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. चकतीत खर्च होणारी शक्ती ढोबळ मानाने दाबाच्या वर्गाच्या आणि ठेक्याच्या प्रमाणात वाढते. १.२ चे १.३५ केले तर (१.३५ ÷ १.२)² म्हणजे सुमारे १.२७ पट. शिवाय ठेका ३२०० वरून ३६०० ला नेला तर आणखी १.१२५ पट. गुणाकार करा: जवळजवळ १.४२ पट. वेग वाढला साडेबारा टक्के आणि ताप वाढला बेचाळीस टक्के! आणि तापलेले मडके अधिक झिरपते. म्हणूनच चकतीचे तापमान ८५ अंशांच्या वर गेले तर भरण्याची फेरी दुप्पट वेगाने करावी, असे मानक सांगते. आता विचार करा. डिसेंबरच्या पहाटे रंकाळ्यावरून गार वारा येत असताना घेतलेल्या चाचणीत जी पट्टी पास झाली, ती मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या खोलीत पास होईलच का? चाचणीच्या वहीत खोलीचे तापमान लिहिलेले नसेल, तर ती वही अपुरी आहे असे मी तरी समजेन.

आता मुख्य गोष्ट. वेग वाढवला, संगणक सुरू झाला, चित्र दिसले, गाणे वाजले. झाली का चाचणी? नाही. ही तर अर्ध्यातून उठलेली बैठक. स्मृतीची चूक ओरडून सांगत नाही. तेरा हजार कोटी घरांपैकी एका घरात '०' च्या जागी '१' झाला, आणि ते घर गाण्यातल्या एखाद्या सुराचे असले तर कोणाला कळणारही नाही. ते घर तुमच्या गुणपत्रिकेतील आकड्याचे असले तर?

असे खरोखरच घडलेले आहे. १८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रुसेल्सच्या शारबेक या भागात संगणकावर मतमोजणी चालू असता एका उमेदवाराला शक्य असलेल्या मतांपेक्षाही जास्त मते पडलेली दिसली. पुन्हा मोजले तेव्हा कळले की, पहिल्या मोजणीत नेमकी ४,०९६ मते जादा धरली गेली होती. हा आकडा ओळखीचा वाटतो का? १ पासून सुरुवात करून २ ने बारा वेळा गुणत जा: २, ४, ८, १६... शेवटची पायरी ४,०९६ चीच येते की नाही, ते वहीत ताडून पाहा. म्हणजे द्विमान पद्धतीने लिहिलेल्या संख्येतील तेरावा अंक तेवढा '०' चा '१' झाला होता. संगणकाची कसून तपासणी झाली, पण ती चूक पुन्हा घडवून आणता आली नाही. अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाने तो अंक पालटला असावा, असा तर्क केला गेला. तिथे अतिवेगाचा काही संबंध नव्हता. पण एक घर पालटले तर काय होते, ते यावरून कळते. आणि अतिवेगात घर पालटण्याची शक्यता आपण स्वतःच्या हाताने वाढवत असतो.

म्हणून चाचणीत आधी अचूकपणा आणि मग वेग. यासाठी खास कार्यक्रम मिळतात. त्यांपैकी 'मेमटेस्ट८६' हा १९९४ साली ख्रिस ब्रॅडी यांनी लिहिला. त्याची रीत मोठी चतुर आहे. सगळ्या घरांत '०' भरून वाचायचे, मग '१' भरून वाचायचे, एवढ्यावर तो थांबत नाही. बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक '०' आणि '१' भरतो, मग उलटे करतो. कारण शेजारच्या घरातील भाराचा धक्का अशाच वेळी सर्वांत जास्त बसतो. त्रेसष्ट तारा एकदम वर उसळल्या आणि एकच खाली राहायची असली, तर ती एकटी ओढली जाण्याची भीती असते. तेही तपासायला हवे. आणखी एक परीक्षा म्हणजे प्रत्येक घरात त्या घराचाच क्रमांक लिहून ठेवायचा आणि सगळे लिहून झाल्यावर वाचत जायचे. पोस्टमनने दोन पत्ते एकाच घराचे समजले असतील, तर ती लबाडी इथे उघडी पडते. काही परीक्षांत भरून झाल्यावर थोडे थांबतात. मडकी झिरपू देतात आणि मग पाहतात.

हे सारे तासन्‌तास का चालवायचे? समजा, एखाद्या वेगाला एक लाख कोटी बिटांत फक्त एकच चूक होते. ऐकायला हे किती छान वाटते! पण '३२००' पट्टीच्या ६४ तारांवरून सेकंदाला वीस हजार कोटींहून जास्त बिट धावू शकतात. म्हणजे पूर्ण जोराने काम चालू असेल तर दर पाच सेकंदांनी एक चूक! संख्याशास्त्राचा एक सोपा नियमही लक्षात ठेवण्याजोगा आहे. एखादी गोष्ट १,००० वेळा करून एकही चूक आढळली नाही, तर चूक होतच नाही असे म्हणता येत नाही. चुकांचे प्रमाण बहुधा हजारात ३ हून कमी असावे, एवढेच भरवशाने म्हणता येते. दहा हजार वेळा बिनचूक झाले तर दहा हजारात ३. थोडक्यात, जितकी चाचणी लांब, तितका भरवसा जास्त. पण पुरता भरवसा कधीच नाही.

मुद्दाम जाच करून यंत्राची राखीव ताकद अजमावण्याची कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 'व्हर्लविंड' नावाचा संगणक होता. त्यात हजारो निर्वात नळ्या होत्या आणि त्यांपैकी कोणती कधी दगा देईल याचा नेम नसे. तेव्हा तिथल्या अभियंत्यांनी विद्युत्दाब मुद्दाम कमी-जास्त करून पाहण्याची प्रथा पाडली. नेहमीच्या दाबाला चालणारी, पण थोड्या बदलाने अडखळणारी नळी लगेच सापडे आणि काम बिघडायच्या आत ती बदलता येई. याच संगणकात १९५३ साली लोहचुंबकी कड्यांची स्मृती बसवण्यात आली. तशाच जातीची स्मृती आपल्या मुंबईतही तयार झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली पूर्णपणे चालू झाला. त्याचे नामकरण १९६२ साली पंडित नेहरूंनी केले. त्याच्या चुंबकी स्मृतीत २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा असे. गुणाकार केलात तर ती सारी स्मृती सुमारे १० किलोबाइटची भरते. आजच्या एका छायाचित्रालाही ती पुरणार नाही.

अचूकपणाची परीक्षा पास झाली, आता वेग मोजू. इथेही फसायला होते. '३२००' ची पट्टी '३६००' वर नेली तर तारांवरची वाहतूक सेकंदाला २५,६०० मेगाबाइटवरून २८,८०० मेगाबाइट होते. म्हणून तुमचा कार्यक्रमही साडेबारा टक्के लवकर संपेल काय? गुऱ्हाळावर जाऊन पाहा. उसाच्या गाड्या भराभर आल्या, घाण्याने रस भराभर काढला, तरी काहिलीतला रस कढायला लागायचा तेवढा वेळ लागतोच. गुळव्या काही गाड्यांकडे पाहून काहील उतरवत नाही. संगणकातही प्रक्रियकाच्या अंगाशी एक लहान, वेगवान स्मृती असते आणि पुष्कळसे काम तिच्यावरच भागते. मोठ्या पट्टीचा वेग वाढवून कुठे बराच फायदा होतो, कुठे एखाद-दुसरा टक्का, तर कुठे काहीच नाही. एक टक्क्याचा फायदा दिसला तर आधी तीच चाचणी काही न बदलता पाच वेळा करा. त्या पाच उत्तरांतच एक टक्क्याचा फरक असेल, तर तुम्ही फायदा मोजलेला नाही; तुम्ही मोजमापातील चढउतार मोजला आहे.

कधी कधी तर वेग वाढवूनही काम मंदावते. चित्रे काढणाऱ्या पत्त्यांवरील स्मृतीत चूक झाली की तीच माहिती पुन्हा मागवण्याची सोय असते. ठेका फार वाढवला की चुका वाढतात, मागणी पुन्हा पुन्हा जाते आणि एकूण काम कमी होते. डीडीआर५ जातीच्या पट्टीत एखाद्या घराची चूक चकतीच्या आतच दुरुस्त केली जाते. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला चूक झाल्याचे दिसतच नाही. अशा पट्टीची परीक्षा घेणारा अधिक सावध हवा.

संगणक नसला तरी हा प्रयोग तुम्ही वर्गात करू शकता. एक मित्र टाळ्या वाजवील, दुसरा प्रत्येक टाळीला कागदावरचा एक अंक वाचील आणि तिसरा तो चौकटीच्या वहीत लिहील. अंक आधी चिठ्ठ्या काढून ठरवा, म्हणजे अंदाजाने लिहिता येणार नाही. मिनिटाला ६० टाळ्यांपासून सुरुवात करून दर वेळी दहा वाढवा. प्रत्येक वेगाला निदान ३०० अंक लिहा आणि मग ताडून पाहा. आलेख काढा: आडव्या अक्षावर टाळ्या, उभ्या अक्षावर चुका. बराच काळ रेषा शून्यावर राहील आणि एका ठिकाणाहून एकदम वर चढेल. मग त्या जागेच्या थोडे अलीकडचा वेग घ्या, पण या वेळी ३०० ऐवजी ३,००० अंक लिहा. मघा शून्यावर दिसलेला तो बिंदू तिथेच राहतो का, ते बघा. लिहिणाऱ्याला जेवण झाल्यावर लगेच बसवले तर काय होते, हाही प्रयोग करण्याजोगा आहे.

खऱ्या पट्टीवर हात चालवायचाच असेल तर काही पथ्ये पाळा. संगणक घरच्यांचा किंवा शाळेचा असेल तर आधी परवानगी घ्या. त्यातील कामाच्या गोष्टींची प्रत दुसरीकडे ठेवा. चुकत्या स्मृतीतून तबकडीवर लिहिले गेलेले पुढे दुरुस्त होत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, ठेका तर ठेका, दाब तर दाब. पट्टी बनवणाऱ्याने सांगितलेल्या दाबाच्या पुढे जाऊ नका. वेग फार वाढल्याने संगणक सुरूच झाला नाही तर घाबरू नका. बहुतेक संगणक दोन-तीनदा अडखळून आपण होऊन जुन्या वेगावर येतात. तसे न झाले तर वीज बंद करून, जाणत्या माणसाकडून आतील नाण्याएवढी बॅटरी थोडा वेळ काढून घ्या, म्हणजे तो नवे आकडे विसरतो. आणि वहीत तारीख, खोलीचे तापमान, दाब, ठेका, सीएल, चाचणी किती तास चालली आणि किती चुका आल्या, हे सगळे रकाने आखून ठेवा. चुकांचा रकाना सर्वांत आधी भरा.